विधेयक मंजूर झालं, पण कायदा लागू झाला का?

संसदेत विधेयक मंजूर झालं की बाकं वाजतात, बातम्या येतात आणि बहुतेकांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटतो. कायद्याचा मोठा भाग मात्र त्यानंतर खात्यात बसून लिहिला जातो, आणि तो कधीपासून लागू करायचा हेही बऱ्याचदा सरकारच ठरवतं. आपल्याकडे चर्चा होते ती राष्ट्रपती-राज्यपालांच्या सहीची. माझ्या मते संसदेचा अधिकार खरा निसटतो तो कायद्याच्या पहिल्या कलमात आणि शेवटच्या दोन-तीन कलमांत, म्हणजे जी कलमं कुणी वाचतच नाही तिथे.

कुठलाही केंद्रीय अधिनियम उघडा. कलम 1 मध्ये बहुधा हे वाक्य सापडेल: केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवेल त्या तारखेस हा अधिनियम अंमलात येईल. मुदत काहीच नाही! त्यामुळे दिल्ली भाडे अधिनियम, 1995 दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, राष्ट्रपतींची अनुमतीही मिळाली, पण अधिसूचना कधी निघालीच नाही. वेतन संहिता 2019 ची आणि बाकीच्या तीन कामगार संहिता 2020 च्या. चारही लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 ला.

सर्वात गंभीर उदाहरण 44व्या घटनादुरुस्तीचं आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे गुन्हा होऊ नये म्हणून खटल्याविना कोठडीत ठेवताना, सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला 3 महिने डांबता येतं; ती मुदत 2 महिन्यांवर आणणारी तरतूद संसदेने 1978 मध्ये मंजूर केली. ती आजही अंमलात नाही. ए. के. रॉय खटल्यात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तरतूद लागू करा असा हुकूम आम्ही सरकारला देऊ शकत नाही, असं न्यायालयाने बहुमताने सांगितलं. घटना बदलण्याइतकं बहुमत संसदेने जमवायचं आणि एका अधिसूचनेवाचून ते सगळं वाया जायचं, हे मला कुठल्याही तर्काने पटत नाही.

आता नियमांकडे येऊ. अधिनियमात जिथे जिथे "विहित करण्यात येईल अशा रीतीने" असं लिहिलेलं असतं, तिथे तिथे संसदेने लेखणी सरकारच्या हाती दिलेली असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला 11 ऑगस्ट 2023 ला अनुमती मिळाली, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये. लोकांची माहिती फुटली तर या अधिनियमाखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित व्यक्तीला विहित रीतीने कळवा, एवढंच अधिनियम सांगतो. मंडळाला सविस्तर माहिती 72 तासांत द्यायची, हे नियमांनी ठरवलं. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती कशी पडताळायची, हेही नियमांतच.

असे अधिकार देण्याला माझा विरोध नाही. अर्जाच्या नमुन्यात कुठले रकाने हवेत यावर 543 खासदारांनी वाद घालण्यात अर्थ नाही. पण धोरण विधिमंडळानेच ठरवायचं, ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही, ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 1951 च्या दिल्ली लॉज प्रकरणातच आखली आहे. पंचाईत आहे ती देखरेखीत. नियम दोन्ही सभागृहांसमोर एकूण 30 दिवस ठेवायचे असतात. पण ते लागू झालेले असतात राजपत्रात आले तेव्हापासूनच. बदल हवा तर त्यावर दोन्ही सभागृहांचं एकमत लागतं, तेही लगेच पुढचं सत्र संपायच्या आत. आणि नियम रद्द झाला तरी तोवर त्याखाली झालेली कारवाई वैध राहते. सभागृहात बहुमत सरकारचंच आणि वर पक्षादेश. मग असा प्रस्ताव तडीस जाणार कसा?

नियम तपासणारी 15 सदस्यांची समिती लोकसभेत 1953 पासून आहे आणि तिच्यावर मंत्री नेमता येत नाही. नियम मूळ अधिनियमाबाहेर जातो का, त्यातून कर लादला जातो का, तो अधिकार नसताना मागच्या तारखेपासून लागू केलाय का, न्यायालयात जायची वाट बंद होते का, हे ती बघते. काम चोख असतं. पण अहवाल बंधनकारक नाही, आणि नियम 6 महिन्यांत करायची मुदत खाती पुन्हापुन्हा वाढवून मागतात.

अध्यादेशाबद्दल थोडक्यात. सभागृह पुन्हा भरल्यावर 6 आठवड्यांत तो संपतो. दोन सत्रांत 6 महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणजे त्याचं आयुष्य फार तर साडेसात महिने. तरीही 1967 ते 1981 मध्ये बिहारने 256 अध्यादेश काढले आणि तेच ते पुन्हा जारी करून काही तर 14 वर्षांपर्यंत चालवले. पुण्याच्या गोखले संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी हे खणून काढलं, न्यायालयात नेलं आणि 1986 मध्ये निकाल मिळवला.

उपाय अवघड नाही. माहिती अधिकार अधिनियमात काही कलमं तात्काळ आणि बाकीची 120व्या दिवशी लागू, असं कायद्यातच लिहिलं होतं. त्यामुळे 12 ऑक्टोबर 2005 ला तो पूर्ण लागू झालाच. प्रत्येक विधेयकात अशी शेवटची तारीख घालावी. आणि नागरिकांच्या हक्कांना हात लावणारे नियम सभागृहाने मंजूर केल्याशिवाय लागू होऊ नयेत.

तोवर आपल्या हातात आहेत हरकती व सूचना. नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करायची अट ज्या अधिनियमात आहे, तिथे आलेल्या हरकती विचारात घेणं सामान्य खंड अधिनियमाच्या (General Clauses Act) कलम 23 नुसार सरकारवर बंधनकारक आहे. "नियम जाचक आहे" एवढंच लिहिलंत तर पत्र फायलीला लागतं. मसुद्यातला नियम क्रमांक द्या, तो करण्याचा अधिकार मूळ अधिनियमाच्या कुठल्या कलमातून येतो ते लिहा, नियम त्यापलीकडे कुठे जातो ते दाखवा, आणि बदली शब्दरचना स्वतः लिहून द्या. मुदतीच्या आत, पोच घेऊन.