फ्रेल

परवा आईला ज्येष्ठ नागरिकांच्या तपासणी शिबिराला नेलं आणि शेरा पडला माझ्या कागदावर: 'फ्रेल', म्हणजे तब्येतीने नाजूक. सोबत आलेल्यांचीही तपासणी फुकट होती. फुकटात मी नाही म्हणत नाही, एवढाच माझा गुन्हा.

मुठीची ताकद मोजायचं यंत्र होतं. आईने दाबलं, 19 किलो. पास. मी दाबलं, 24. नापास! म्हणे बायकांना 18 पुरतात, पुरुषांना 28 लागतात.

शेजारच्या खुर्चीवर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक होते. छत्तीस वर्षं शिकवलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझा कागद त्यांनी न विचारता वाचला.

"फ्रेल! फीबल नाही लिहिलं, नशीब समजा."

"फरक काय?" विचारायला नको होतं.

"चहा कसा असतो?"

"गोड."

"वीक! फ्रेल चहा कधी प्यायलात? सबब असते फीबल. विनोद असतो फीबल." इथे माझ्याकडे का बघितलं, कळलं नाही. "फ्रेल असतो माणूस. लॅटिन फ्रॅजिलिस. टीव्हीच्या खोक्यावर फ्रॅजाइल छापतात ना, त्याचा सख्खा भाऊ."

"आणि फीबल?"

"फ्लेबिलिस. ज्याला बघून रडू यावं असा."

"हा जन्मला तेव्हा तसाच होता," आई म्हणाली.

आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ आहे? लेचापेचा, किडमिडा, मरतुकडा. माझी आत्या तर मला सरळ 'पाप्याचं पितर' म्हणायची, आणि वर तुपाची धार धरायची. या लोकांनी नुसता शेरा मारला. साधा चहासुद्धा विचारला नाही, वीकसुद्धा.

रांगेतच मोबाईल काढला. लिंडा फ्रीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली पाच निकष ठरवले: आपोआप वजन घटणं, थकवा, मुठीची कमजोरी, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळले तर फ्रेल. माझा जुळतो एक! वजन घटावं म्हणून तर मी चार वर्षं नवस बोलतोय. सिस्टरना हे दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "काका, मागे रांग आहे." काका! मी बावन्नचा आहे हो. एका मुठीवर माणूस निकालात काढायचा आणि वर सही मागायची.

सही करायला पेन धरलं. मागून मास्तर ओरडले, "हात थरथरतोय बघा! त्याला ट्रेम्युलस म्हणतात!"