ध्यान करा, पण मूल व्हावं म्हणून नको

‘टेन्शन सोड, मग बघ कसं पटकन राहतं ते.’ मूल होत नसलेल्या जोडप्याच्या वाट्याला हे वाक्य येतंच. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं, त्यामुळे उलटून बोलायचीही सोय नाही. अलीकडे तेच वाक्य नवा वेश घालून आलंय. आता ‘टेन्शन सोड’च्या जागी ‘माइंडफुलनेस कर’ म्हणतात, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे बरं-वाईट न ठरवता लक्ष देण्याचं ध्यान. त्याची रील्स आहेत, अ‍ॅप्स आहेत, गर्भधारणेसाठीच्या ध्यानाचे खास कोर्स आहेत. डोळे मिटा, ओटीपोटात सोनेरी प्रकाश पसरतोय अशी कल्पना करा, येणाऱ्या जिवाला हाक मारा, वगैरे.

मी माइंडफुलनेसच्या बाजूची आहे. ट्रीटमेंट चालू असताना शिकले, अजून करते. म्हणूनच जास्त चीड येते. चांगली गोष्ट चुकीच्या नावाने विकली जातेय, आणि त्याचा हिशेब शेवटी त्या जोडप्याच्याच डोक्यावर येतो.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. त्यात ३,५८३ बायका होत्या. उपचारांची सायकल, म्हणजे एक फेरी, सुरू होण्याआधी कोण किती चिंतेत आहे, किती खचलेली आहे हे मोजलेलं होतं. नंतर त्याच सायकलमध्ये कुणाला राहिलं, कुणाला नाही, ते पाहिलं. दोन्हींचा संबंध सापडला नाही. रडवेल्या असलेल्यांनाही राहिलं, शांत असलेल्यांचीही टेस्ट निगेटिव्ह आली. समुपदेशन किंवा ध्यान केल्याने गर्भधारणेचं प्रमाण वाढतं का, यावरही वेगळे प्रयोग झालेत. काहींत वाढ दिसते, काहींत दिसत नाही, आणि त्यातले बरेच इतके छोटे किंवा ढिसाळ आहेत की त्यांच्या जोरावर कुणाला शब्द देणं बरोबर नाही.

म्हणजे, बाई गं, त्या रात्री तू रडलीस म्हणून ते गेलं नाही. ऑफिसात भांडण झालं म्हणून गेलं नाही. ध्यानाला बसलीस आणि मन भरकटलं म्हणून तर नाहीच नाही. नळ्या बंद असतील, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) असेल, बीजांचा साठा कमी असेल, शुक्राणूंची हालचाल मंद असेल, किंवा सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही कारण सापडत नसेल. बंद नळी श्वास मोजून उघडत नाही.

टेन्शनमुळे मूल होत नाही असं लोक म्हणतात. मूल होत नाही म्हणून टेन्शन येतं, हे मात्र पक्कं दिसलेलं आहे. १९९३ साली अमेरिकेत अ‍ॅलिस डोमर यांच्या गटाने वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या बायकांची मनःस्थिती इतर आजारांच्या रुग्णांशी ताडून पाहिली. चिंता आणि नैराश्याच्या मोजणीत त्या कॅन्सरच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांच्या आसपास होत्या. कॅन्सरच्या पेशंटला ‘तू जरा रिलॅक्स हो’ असं म्हणताना आपली जीभ अडखळेल. इथे अडखळत नाही.

मग ध्यान करायचं कशाला?

याचं उत्तर मला त्या दोन आठवड्यांत मिळालं. ट्रान्सफरनंतर, म्हणजे शरीराबाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर, बीटाच्या म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्त तपासणीपर्यंतचे दिवस कसे असतात, हे त्यातून गेलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं लिहिते. त्या दिवसांत गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चालू असतं. त्याने छाती जड होते, पोट फुगतं, झोप येते, चिडचिड होते. गर्भ राहिल्यावर अगदी सुरुवातीला हेच सगळं होतं. शिवाय बीजं पिकवून बाहेर काढायच्या सायकलमध्ये जे शेवटचं ट्रिगर इंजेक्शन देतात, त्यात बऱ्याचदा एचसीजीच असतं, म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होणारं संप्रेरक. घरची टेस्ट नेमकं तेच शोधते, त्यामुळे घाईने केली तर इंजेक्शनामुळेच रेघ उमटू शकते. थोडक्यात, त्या काळात आपलं शरीर खरंही सांगत नाही आणि खोटंही सांगत नाही. आणि आपण तर दिवसभर त्यालाच उलटतपासणीला बसवलेलं असतं. दर वेळी बाथरूममध्ये गेल्यावर टिश्यू उजेडाकडे धरून बघायचा. तो डाग आहे की सावली? बाहेर यायचं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा जायचं.

तिथे मला ही गोष्ट उपयोगी पडली. छाती दुखतेय, एवढं खरं आहे. ‘दुखतेय म्हणजे राहिलं’ हा विचार आहे. ‘काल जास्त दुखत होती, आज कमी, म्हणजे गेलं’ हाही विचारच. दुखणं आणि त्याचा लावलेला अर्थ यांच्यात बोटभर फट पाडायची, एवढंच काय ते करायचं असतं. विचार थांबत नाहीत. मी तर म्हणेन थांबवायला जाऊच नये. फक्त तो विचार आहे, रिपोर्ट नाही, हे त्या क्षणी आठवावं लागतं. माझ्या बाबतीत दहातल्या आठ वेळा आठवायचं नाही. उरलेल्या दोन वेळांमुळे मात्र मी जेवू शकत होते, कामावर जाऊ शकत होते.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेस दवाखान्यात आणलं, तेव्हा तिथे येणाऱ्यांत जुनाट दुखण्याचे रुग्ण बरेच होते. औषधं करून झालेली, दुखणं जात नाही आणि जगायचं तर आहे. दुखणं घालवून देऊ असं वचन नव्हतं. दुखण्यासकट दिवस कसा काढायचा हे शिकवायचे. मला वाटतं, आपल्यासारख्यांनी ध्यानाकडे याच दारातून यावं.

खास वंध्यत्वाशी झगडणाऱ्यांसाठी पोर्तुगालच्या कुइंब्रा विद्यापीठातल्या संशोधकांनी असा एक कार्यक्रम तयार केला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात भाग घेतलेल्या बायकांचं नैराश्य कमी झालं, हरल्याची आणि अडकून पडल्याची भावना कमी झाली, आणि लाज कमी झाली. शेवटच्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले होते. दुःखाबद्दल सगळे बोलतात, पण या प्रकरणात लाज किती असते ते कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे आयुष्यात कधी ना कधी सहापैकी सुमारे एका प्रौढ व्यक्तीला वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. सहात एक! आणि तरी वेटिंग रूममध्ये बसलेलं प्रत्येक जोडपं ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मोबाईलमध्ये मान खुपसून असतं.

आता नवऱ्यांबद्दल. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा जोडीला असतं. तरी ध्यानाचं अ‍ॅप असतं बायकोच्या मोबाईलमध्ये, डायरी बायकोची, समुपदेशनाला जायचं बायकोने. त्याने काय करायचं, तर खंबीर राहायचं. क्लिनिकच्या त्या लहानशा खोलीत कडी लावून, हातात नाव लिहिलेली डबी घेऊन, दाराबाहेर कुणाची तरी चाहूल ऐकू येत असताना त्याला जे करावं लागतं, त्याबद्दल नंतर त्याला कुणी ‘बरा आहेस ना?’ असं विचारतं का? शुक्राणूंचा काउंट कमी आल्याचा कागद घडी करून खिशात घालतो आणि ‘चल, उशीर होतोय’ म्हणतो. तोही कोसळलेलाच असतो, फक्त आवाज होत नाही.

माझ्या नवऱ्याला ध्यान या शब्दाचीच ॲलर्जी. डोळे मिटून बसायला सांगितलं की हसायचा. मग आमचं आपोआप एक ठरून गेलं. क्लिनिकच्या आवारात गाडी लावली की लगेच उतरायचं नाही. इंजिन बंद, फोन उलटे ठेवलेले, दोन मिनिटं गप्प. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा, मी फाईल मांडीवर घेऊन. बाहेर आल्यावरही तेच. बातमी काहीही असो, आधी दोन मिनिटं, मग फोनाफोनी. त्याला याला नाव द्यायचं नव्हतं, मीही दिलं नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. समुपदेशक वीस मिनिटांचा नियम सांगतात. या विषयावर दिवसातून वीस मिनिटंच बोलायचं, घड्याळ लावून, मग विषय बंद. ऐकायला कोरडं वाटतं. पण घरात एकाला सतत बोलायचं असतं आणि दुसऱ्याला हा विषय निघाला की खोलीतून उठून जावंसं वाटतं, तेव्हा ही मर्यादा दोघांनाही वाचवते. बोलणाऱ्याला हक्काचा वेळ मिळतो, ऐकणाऱ्याला हे कधीतरी संपणार आहे याचा भरवसा. एकच पथ्य: ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचे नाहीत.

आणि शरीरसंबंध. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढ्या सहा दिवसांची खिडकी असते म्हणतात. त्या खिडकीपायी पलंगाचा कामाचा टेबल होतो. आज डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, उद्या गरज नाही म्हणून. यावर माझं मत साधं आहे. ज्यातून काहीही निष्पन्न व्हायचं नाही असा स्पर्श महिन्यात थोडा तरी शिल्लक ठेवा. पाठीवर हात ठेवून पडून राहणं चालेल. त्या हाताचं वजन, ऊब, एवढंच लक्षात घ्यायचं. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मला हे जास्त माइंडफुल वाटतं.

अ‍ॅपवरून आठवलं. टेस्ट निगेटिव्ह आली त्या संध्याकाळी माझ्या मोबाईलवर निरोप आला की तुमच्या सलग दिवसांची साखळी तुटली आहे, आजचं ध्यान राहिलंय. मी ते अ‍ॅप तिथल्या तिथे काढून टाकलं. गोळ्यांचा गजर, इंजेक्शनचा गजर, आणि वर शांततेचा गजर! ध्यान हा करायच्या कामांच्या यादीतला आणखी एक मुद्दा होत असेल, चुकलं की अपराधी वाटत असेल, तर सरळ सोडून द्या. काही बिघडत नाही.

काहींनी तर काही काळ करूच नये. गर्भपात होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेणं जखमेवरची खपली काढल्यासारखं होऊ शकतं. तेव्हा डोळे उघडे ठेवून चालणं बरं. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर ध्यानाच्या भरवशावर राहू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि शेवटचं वाटत असेल तर आजच गाठा. नवऱ्यांनो, हे तुम्हालाही.

मैत्रिणीच्या सोनोग्राफीचा फोटो स्क्रीनवर येतो तेव्हा पोटात जे काही पिळवटतं, त्यालाही नाव देऊन टाकावं. हेवा. हेवा वाटला म्हणून आपण वाईट ठरत नाही, आणि तिच्यावरची मायाही कमी होत नाही. फोटोला लाइक करायचं की पोस्ट लपवायची हे त्या दिवशीच्या ताकदीप्रमाणे ठरवा. बाळाच्या कौतुकाच्या समारंभाला गेलं नाही तरी चालतं, हे तर कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं, म्हणून सांगते: चालतं.

उपचार मध्येच सोडणाऱ्यांच्या कारणांत मानसिक ओझं हे एक मोठं कारण असल्याचं संशोधनात वारंवार दिसलंय. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मानसिक आधार हा रोजच्या उपचारांचाच भाग असावा, आणि तो क्लिनिकमधल्या सगळ्या स्टाफने द्यावा, असा त्यांचा रोख आहे. आपण आपल्यापुरतं मागू शकतो. आम्ही सांगून ठेवलं होतं की बीटाचा फोन दोघं घरी असू तेव्हाच करा. त्यांनी केला. विचारलं नसतं तर तो मला मीटिंगमध्ये आला असता आणि नवऱ्याला ट्रॅफिकमध्ये माझ्याकडून कळलं असतं.

आम्हाला शेवटी मूल झालं का, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. झालं म्हटलं तर ही पोस्ट ‘बघा, ध्यान केलं आणि झालं’ म्हणून फॉरवर्ड होईल. नाही म्हटलं तर ‘बघा, एवढं करून काय उपयोग’ म्हणून. इनबॉक्समध्येही सांगणार नाही.