रानभाजीचा मेळा, डोंगर आणि मुलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रानभाजी मेळा गावपातळीवर कसा भरवावा, या इथल्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शहरातली तीनशे माणसं एका दिवसाच्या हौसेपायी डोंगर ओरबाडून खातात, आणि तुमच्या पठारावरची फोडशी ही पातीची रानभाजी अशीच संपत आली, मुलांना पानं तोडून खायला शिकवणं हा जिवाशी खेळ आहे, आणि पैसा जातो मंडपवाल्याला, खुडणाऱ्या बाईच्या हातावर जुडीमागं दहा रुपये पडतात.

लेखात ‘भाजी आसपासच्या डोंगरातून आणि बांधावरून गोळा करावी’ असं एक वाक्य होतं. ते चुकीचंच होतं. आता काढलं आहे. ते का चुकीचं होतं, हे नुसत्या हिशोबावरून दिसतं. माणशी दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम भाजी धरली, तर ३०० माणसांना ९ किलो शिजलेली भाजी लागते. तिच्यासाठी निवडलेला पाला १२ ते १४ किलो हवा. निबर देठ, किडकं पान, माती वजा जाते, म्हणून शेतातून २० किलो यायला हवा. ही झाली एक भाजी. आठ भाज्या ठेवल्या तर १६० किलो. आणि चव देण्याऐवजी थाळी ठेवून वाटीभर भाजी वाढली, तर याच्या पाचपट. भुईमुगाच्या एका शेताची भांगलण, म्हणजे खुरपणी चालू असेल तर २० किलो टाकळा तिथं सहज निघतो, कारण तो नाहीतरी उपटून बांधावर टाकायचाच असतो. तेवढीच फोडशी काढायची म्हटली तर पठाराचा मोठा तुकडा उघडा पडेल. दोन्हींना आपण ‘रानभाजी’ हा एकच शब्द वापरतो, आणि घोळ तिथंच होतो.

म्हणून मेळ्याच्या पानावर काय ठेवायचं, हे चवीवरून ठरवू नये. झाडाचा कुठला भाग खुडला जातो आणि खुडल्यावर झाड उरतं का, यावरून ठरवावं. टाकळा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, केना, पाथरी ही शेतातली तणं आहेत. एका मोसमात उगवतात, ढीगभर बी टाकतात, त्यांना माणसाची नांगरलेली जमीनच आवडते. ती हवी तेवढी ठेवा. फोडशीचं तसं नाही. तिची मुळं जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पहिल्या पावसाला त्यांतूनच पात फुटते. कोवळा पांढरा बुडखा मिळावा म्हणून लोक ती बुडासकट उपटतात. एवढंच काय, वरून कापली तरी दर आठवड्याला कापत राहिल्यावर मुळांत साठा होत नाही आणि पुढच्या वर्षी पात बारीक येते. शेवळा म्हणजे तर जमिनीतून आलेला फुलाचा दांडाच. तो खुडला की त्या वर्षीचं बी गेलं. बांबूचे कोंब काढले की त्या बेटाची त्या वर्षीची वाढ गेली, शिवाय कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. तो रात्रभर भिजवून, पाणी बदलून, नीट उकळावा लागतो. घाईच्या स्वयंपाकात हे हमखास राहून जातं. या तिन्ही भाज्या मेळ्याला नकोतच.

भारंगी आणि करटोली या मधल्या. भारंगीचं झुडूप असतं. शेंड्याची दोन-तीन जोड पानं घेतली तर ते पुन्हा फुटतं. पण भारंगमूळ औषधाला विकलं जातं, म्हणून मेळ्यात मूळ मांडून त्याचे गुण सांगायचं टाळावं. ते ऐकून माणूस कुदळ घेऊन जातो. करटोलीचा वेल कंदापासून दर पावसाळ्यात येतो, नर आणि मादी वेल वेगळे असतात, फळ काढल्यानं वेल मरत नाही. मात्र एकूण एक फळ काढलं तर बी पडायचं थांबतं. चारातलं एक फळ वेलावरच केशरी होऊ द्यावं. आता करटोलीची लागवडही होते. मेळ्यासाठी लागवडीचीच विकत घेतलेली बरी.

अभयारण्याबद्दल तुम्ही विचारलंत. कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरी अभयारण्य १९५८ सालापासूनचं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याप्रमाणे अभयारण्यातून निघणारं वनउत्पादन तिथल्या आणि आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरतंच वापरता येतं, व्यापारासाठी नाही. तिकीट लावलेला मेळा घरगुती गरजेत बसत नाही. तेव्हा या अभयारण्यातल्या दाजीपूरकडची जुडी कुणी कितीही प्रेमानं आणून दिली तरी ती ठेवू नये.

आता तुमच्या एका सूचनेला मात्र विरोध करायला हवा. ‘डोंगर सोडा, उसाच्या बांधावरचं घ्या’ असं तुम्ही लिहिलंत. कोल्हापुरात हाच सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे. उसात २,४-डी हे तणनाशक मारतात ते रुंद पानाचं तण मारायला. ऊस गवताच्या कुळातला म्हणून तगतो. टाकळा, कुर्डू, घोळ सगळे रुंद पानाचे, म्हणजे फवारणीचं नेमकं लक्ष्य. आडसाली, म्हणजे दीडेक वर्षाच्या उसाची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टची. लागणीनंतर लगेच ॲट्राझिन किंवा मेट्रिब्युझिनसारखं तणनाशक जमिनीवर पडतं, आणि तोच ऐन रानभाजीचा काळ. सोयाबीनलाही आता भांगलणीपेक्षा फवारणीच जास्त. देठ पिळवटलेला, पान आकसून वाटीसारखं झालेलं, कडा पिवळी पडलेली दिसली तर जुडी परत करावी. पण पान हिरवंगार आहे म्हणून फवारणी झालेलीच नाही, असं समजता येत नाही. म्हणून पान बघण्याआधी शेतकऱ्याला विचारावं: या हंगामात इथं आणि वरच्या अंगाच्या शेतात काय मारलंय? हातानं भांगलण होणारा भुईमूग, नाचणी, परसातली भाजी ही ठिकाणं चांगली. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा या बाजूला अशी शेतं मिळतात. पंचगंगेच्या पुराचं पाणी चढून गेलेल्या रानातलं, गटाराकडेचं, हायवेलगतचं काहीच घेऊ नये.

भाजीच्या प्रत्येक पाटीला (टोपलीला) चिठ्ठी हवी: गाव, शेतातलं पीक, खुडल्याची तारीख, खुडणाऱ्याचं नाव. त्या पाटीतली एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवावी. कुणाचं पोट बिघडलं तर डॉक्टरांना दाखवायला नेमकं पान हातात असतं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही.

मुलांच्या बाबतीत तुमची भीती रास्त आहे. टाकळ्याचाच जुळा शोभावा असा कासविंदा त्याच बांधावर वाढतो. त्याच्या शेंगा विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना वर्षानुवर्षं होणाऱ्या जीवघेण्या आजाराचं मूळ शोधताना डॉक्टर या कासविंदाच्या शेंगांपाशीच पोहोचले होते. पण यावर उपाय म्हणून मुलांना मेळ्यातच आणू नये, हे पटत नाही. बांध तर मुलांच्या पायाखालीच आहे. न ओळखता तिथं हिंडण्यापेक्षा मोठ्यांसमोर ओळखून हिंडलेलं बरं. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या तीन जोड्या असतात, पर्णिका टोकाला गोल आणि रुंद असते, आणि बारीक गाठ खालच्या जोड्यांच्या मध्ये दिसते. कासविंद्याला बहुतेक चार ते सहा जोड्या, पर्णिका टोकाला निमुळती, आणि गाठ देठाच्या अगदी बुडाशी. आठ-नऊ वर्षांचं मूल हे भिंग न लावता मोजू शकतं, आणि एकदा मोजलं की विसरत नाही.

घोळीबरोबर जमिनीलगत पसरणारी दुधी (भोपळा नव्हे, तण) येते. तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. पण ‘चीक आला की विष’ असा सरसकट नियम मुलांना देऊ नये, कारण पाथरीला चीक असतोच आणि ती खायची भाजी आहे. नियम त्या त्या जोडीपुरताच सांगावा. कंद मुलांपुढं ठेवूच नयेत. कळलावीचा कंद जीवघेणा असतो आणि मातीनं भरलेले कंद मोठ्यांनाही चटकन वेगळे ओळखता येत नाहीत.

मांडणी अशी करावी की ओळखीचं टेबल आणि चवीचं टेबल दोन वेगळ्या खोल्यांत येतील. ओळखीच्या खोलीत शिजवलेलं काहीही नाही, चवीच्या खोलीत कच्चं पान नाही. दोन्ही एकाच टेबलावर ठेवले की मूल वाटीतली भाजी खातं आणि शेजारचं पानही तोंडात घालतं. चूक होते ती इथंच. ओळखीच्या खोलीत पान चिकटवायला वही द्यावी. पावसाळ्यात पान वर्तमानपत्रात दाबून वजन ठेवलं आणि कागद रोज बदलला नाही, तर दोन दिवसांत बुरशी धरते. चार-पाच दिवस कागद बदलायचा, हे पालकांना सांगून पाठवावं. निवडायला बसवलेल्या मुलांचे हात साबणानं धुऊन घ्यावेत. पाल्यात गाजरगवताचं एखादं पान आलेलं असतं आणि त्यानं अंगाला खाज सुटते. मुतखडा असलेल्यांसाठी घोळीच्या पातेल्यापाशी ठळक पाटी लावावी, कारण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

स्वयंपाकाबद्दल थोडं. टाकळ्याचं प्रमाण: निवडलेला पाला १ किलो, कांदा ३०० ग्रॅम, तासभर भिजवलेली मूगडाळ १५० ग्रॅम, लसणाच्या २५ पाकळ्या, सहा-सात हिरव्या मिरच्या, तेल १०० मिलिलिटर, वरून ओलं खोबरं. मुलांच्या पातेल्यात मिरची दोनच. मीठ पाला बसल्यावर घालायचं. आधी पातेलंभर पाला बघून मीठ पडलं की भाजी खारट झालीच म्हणून समजा. एका वेळी ३-४ किलोच्या वर पाला घालू नये. एकदम १२ किलो घातला तर तळाचा पाण्यात उकडतो, वरचा कच्चा राहतो आणि सगळी भाजी काळपट होते. भारंगी चिरून भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळावी, पाणी टाकून द्यावं, पिळून मग फोडणीला घालावी. तरीही कडवटपणा राहतो. मुलांना आधी तांदुळजा द्यावा, भारंगी शेवटी. चिंच-आमसूल पडणारी भाजी कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात करू नये. केलेली भाजी दोन तासांत संपवावी.

रांग अडते ती भाकरीपाशी. ३०० माणसांना अर्धी भाकरी म्हणजे १५० भाकऱ्या, पीठ साधारण १५ किलो. एक बाई एका चुलीवर तासाला पंचवीसेक भाकऱ्या करते. दोन तासांत माणसं जेवायची असतील तर किमान तीन चुली, आणि हात बदलायला चौथी बाई.

पैशाचं तुमचं बोलणं कडू आहे, पण बरोबर आहे. जुडीवर पैसे दिले की खुडणारी जास्तीत जास्त जुड्या करणार. त्यात निबर पाला येतो, मुळं येतात, न विचारता दुसऱ्याच्या शेतातलंही येतं. दोष तिचा नाही, पैसे देण्याच्या पद्धतीचा आहे. एक बाई सकाळच्या तीन-चार तासांत पाच-सहा किलो कोवळा पाला खुडते. २० किलोला चार बायका. दुपारी त्यांनीच निवडायचं. म्हणजे भांगलणीची गावात चालू असलेली पूर्ण दिवसाची मजुरी, वर येण्याजाण्याचा खर्च, आणि हे पैसे मेळ्याच्या आदल्या दिवशी हातात. मेळ्यात ज्यांना विकायला बसायचं असेल त्यांना जागा फुकट, आणि दर त्यांचा त्यांनी लावायचा. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरी मंडईत घासाघीस करणाऱ्यांना इथं तसं करू देऊ नये. खर्च वाचवायचा तर मंडपावर वाचवा. जुलैच्या कोल्हापुरी पावसात मंडपाखाली नाहीतरी चिखल होतो. शाळेचा हॉल घ्या, स्पीकर लावू नका. पळसाच्या पत्रावळी मात्र आठवडाभर आधी सांगून ठेवा, ओल्या हवेत त्यांना बुरशी धरलेली नाही ना ते उलगडून बघा.

तारखेचंही डोंगर वाचवण्याशी नातं आहे. श्रावणातला रविवार लोकांना सोयीचा, पण ऑगस्टच्या मध्यापर्यंत टाकळा निबर होतो आणि कुर्डूला तुरे येऊ लागतात. मग कोवळं काहीतरी हवं म्हणून आयोजकाची नजर डोंगराकडं वळते. जुलैचा दुसरा किंवा तिसरा रविवार धरला तर शेतातलंच पुरतं.

लेखातल्या यादीतून फोडशी, शेवळा आणि बांबूचे कोंब काढले आहेत, आणि तणनाशकाचा भाग नव्यानं घातला आहे. तुमच्या पठारावरची फोडशी नेमकी कुठल्या अंगाला कमी झाली, वाटेकडेला की आत खडकाळ भागातही, आणि तिथं गुरं चरतात का, हे कळवाल का? वाटेकडेलाच कमी झाली असेल तर कारण खुडणं असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे सारखीच कमी झाली असेल तर पठारावर आणखी काही बदललंय का, ते बघावं लागेल.