‘ग्रीनस्लीव्ज’ राजाची नाही

नाताळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘ग्रीनस्लीव्ज’ हे जुनं इंग्रजी गाणं म्हणे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने, पुढे त्याची राणी झालेल्या अ‍ॅन बोलिनसाठी रचलं, तिने त्याला झिडकारलं तेव्हा. शब्द राजाचे, चालही राजाचीच. सोबत ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावर संथ, उदास वाजवलेली धून. ही कहाणी मला मान्य नाही.

आधी सालं पाहू. अ‍ॅनचा शिरच्छेद १५३६ साली झाला, हेन्री १५४७ मध्ये वारला. या गाण्याची पहिली ज्ञात नोंद सापडते ती सप्टेंबर १५८० मध्ये, लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाच्या वहीत. रिचर्ड जोन्स नावाच्या मुद्रकाने तिथे ‘उत्तरेकडचं नवं गाणं’ म्हणून ते नोंदवलं. राजाला जाऊन तेव्हा ३३ वर्षं झाली होती.

यावर नेहमी येणारं उत्तर असं, की छापलं उशिरा गेलं, पण लोकांच्या तोंडी आधीपासून असेल. मग जोन्सने नोंद केली त्याच दिवशी दुसऱ्या एका मुद्रकाने ‘लेडी ग्रीनस्लीव्जचं उत्तर’ का नोंदवलं? पुढच्या काही दिवसांत त्याच नावावर धार्मिक उपदेशाचं गाणंही आलं. नव्या लोकप्रिय गाण्यावर बाजार असाच तुटून पडतो. १५८४ च्या गीतसंग्रहातही त्याची चाल ‘नवी’ म्हणूनच दिली आहे.

चालीची घडणही तेच सांगते. खालच्या स्वरांचा ठरलेला क्रम पुन्हा पुन्हा फिरतो आणि वर धून खेळते, लहऱ्यावर तबला रंगावा तशी. पासामेझो आणि रोमानेस्का हे तिच्यातले दोन्ही साचे इटलीतले. इंग्लंडमध्ये ते खरे रुळले सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

हेन्री संगीतकार होता, हे मात्र खरं आहे. ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखितात ३३ रचना त्याच्या नावावर आहेत. ‘ग्रीनस्लीव्ज’ त्यांत नाही. झिडकारलेल्या प्रियकराची तक्रार तर त्या काळच्या कितीतरी गाण्यांत आहे. तेवढ्यावरून राजा ओळखायचा कसा?

मला सगळ्यात जास्त खटकते ती उदासी. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या विनोदी नाटकात मिसेस फोर्ड म्हणते, की तिच्यामागे लागलेल्या फॉल्स्टाफ या लबाड सरदाराच्या बोलण्याचा त्याच्या मनातल्या हेतूशी तेवढाच मेळ आहे जेवढा स्तोत्राचा ‘ग्रीनस्लीव्ज’च्या चालीशी. म्हणजे त्या प्रेक्षकांना ही चाल हलकीफुलकी, काहीशी चावट म्हणूनच ठाऊक होती. पुढे ती नाचात शिरली. जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये सुरू केलेल्या ‘डान्सिंग मास्टर’ या नाचांच्या पुस्तकाच्या १६८६ च्या आवृत्तीत ती ‘ग्रीनस्लीव्ज अँड पुडिंग पाइज’ या नावाने आहे, व्हायोलिनवर वाजवण्यासाठी, जिग या चपळ नाचाच्या उड्या मारणाऱ्या ठेक्यात. दरबारातल्या एकांताचा इथे मागमूसही नाही. ही चाल जिवंत ठेवली ती नाचांना साथ देणाऱ्या वादकांनी. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून त्यांचं श्रेय राजाला देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

नाताळचं ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ हे गीतही तिला जोडलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात. मॉरिस हा इंग्लंडचा लोकनाच करणारे नर्तक मात्र आजही याच चालीवर जमिनीवर चिलमीच्या दोन लांब मातीच्या नळ्या आडव्या-उभ्या ठेवतात आणि त्यांना पाय लागू न देता त्यांच्यावरून झपाझप नाचतात. संथ वाजवली तर हा नाच जमतच नाही.