डावा गुडघा आधी

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "थोडी हालचाल ठेवा." त्यांच्या मनात सकाळचं चालणं असावं. मी कराटेच्या वर्गात नाव घातलं.

घरी सांगायला जाताना तयारी करून गेलो होतो. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. जन्म १८६८चा, आणि कराटे दाखवायला तोक्योला गेले ते १९२२ मध्ये. "म्हणजे पन्नाशी उलटल्यावर!" मी विजयी मुद्रेने म्हणालो. बायकोने मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "हो, पण शिकायला लागले होते लहानपणी." पूर्वी नवऱ्याची एखादी थाप निदान आठवडाभर तरी टिकायची.

कराटे म्हणजे रिकामा हात. आधी याच उच्चाराचा शब्द 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांत लिहीत, पुढे १९३०च्या दशकात अक्षर बदललं. मला रिकामाच पटतो. या वयात हातात राहतं काय? टीव्हीचा रिमोटसुद्धा मुलाकडे असतो.

पहिला पराभव पट्ट्याने केला. कमरेला दोन वेढे घ्यायचे, पुढे गाठ मारायची आणि दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत. माझा पट्टा दोन वेढ्यांतच संपला. टोकं सारखी होती म्हणा, कारण दोन्ही जवळपास नव्हतीच.

मग रांग. इथे वयाला कोणी विचारत नाही, पट्ट्याचा रंग बघतात. त्यामुळे मी सगळ्यात शेवटी, आणि माझ्या वर पुढचे दोन दात पडलेला, पिवळ्या पट्ट्याचा एक सात वर्षांचा गृहस्थ. मला शिकवायचं काम ज्या सेन्पाईकडे, म्हणजे ज्येष्ठ विद्यार्थिनीकडे, आलं तिचं वय दहा, पट्टा हिरवा. मी तिला कमरेत वाकून 'ओस' म्हणायचो आणि ती मला 'काका' म्हणायची. इतका गुंतागुंतीचा मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

पण खरं संकट ठोसे-लाथांचं नव्हतंच. खरं संकट होतं बसण्याचं. वर्गाची सुरुवात आणि शेवट सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसून. त्याला नियम आहे: बसताना डावा गुडघा आधी टेकायचा, उठताना उजवं पाऊल आधी उचलायचं. बाकीची तीस मुलं कापूस पडावा तशी बसली. मी डावा गुडघा टेकायला निघालो तेव्हा त्यातून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि दोन मुलांनी मागे वळून पाहिलं. उजवा टेकेपर्यंत 'मोकुसो'ची आज्ञा झाली होती, म्हणजे डोळे मिटून मन शांत करायचं. मन शांत होतं. पायांत मात्र आधी मुंग्या आल्या, मग मुंग्यांचे नातेवाईक आले, आणि शेवटी सगळेच निघून गेले. जाताना पायही घेऊन गेले. उठायची आज्ञा झाली. सगळे उठले. मी उजवं पाऊल उचलायचा हुकूम सोडला, पण खाली तो घ्यायला कोणी हजरच नव्हतं. शेवटी सेन्पाईने हात दिला. "काका, हळू," ती कुजबुजली. "माझे आजोबा पण असंच करतात."

आमच्या लहानपणी शिकणं म्हणजे छडी. चुकलं की हात पुढे. ही पोरगी मात्र माझ्या मागच्या पायाच्या गुडघ्यावर एक बोट टेकवते आणि "वाकलाय" एवढंच म्हणते. छडी परवडली. छडीवर निदान रागावता तरी यायचं.

मोजणी जपानीत. इची, नी, सान आणि चार म्हणजे 'शी'. या आकड्याला सात वर्षांचा गृहस्थ दर वेळी हसतो आणि त्याच्याकडे बघून मीही हसतो. आमच्या सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना, वय वर्षे पंचवीस, हे अजिबात आवडत नाही. ते आम्हा दोघांना सारखीच शिक्षा देतात: दहा जोर. तो बारा काढतो. मी पाच, तेही पोट टेकवून.

मग आली काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. तिचं नाव हेइयान शोदान. एकवीस हालचाली, नवव्या आणि सतराव्या हालचालीला किआय, म्हणजे पोटातून आरोळी. आणि शेवटी जिथून निघालो तिथेच परत. घरी बैठकीच्या खोलीत सराव करायचो. नवव्या हालचालीपर्यंत वाट सापडायची, आरोळी ठोकली की आतून "गॅस बंद केला का?" असा प्रतिसाद यायचा आणि पुढचं सगळं विसरायचो. एकविसावी हालचाल मी आजवर कपाटासमोर, बाल्कनीच्या दारात आणि एकदा तर स्वयंपाकघरात संपवली आहे.

'शोदान' शब्दाची चौकशी केली. 'शो' म्हणजे आरंभ. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीलाही शोदानच म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं घाम गाळून काळा पट्टा मिळाला की आरंभ होणार. तोवर मी जे करतोय त्याला काय म्हणतात, हे विचारायचा धीर झाला नाही.

परीक्षेच्या दिवशी माझी काता सुरुवातीच्या जागेपासून हातभर लांब संपली. मी मान खाली घालून उभा राहिलो. सेन्सेईंनी जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी मला पिवळा पट्टा मिळाला, जरा लांब मापाचा. या वेळी टोकं लोंबली.

पुढच्या आठवड्यात रांगेत माझ्या खाली एक नवा पांढरा पट्टा उभा होता, वय सहा. बसायची वेळ आली तेव्हा तो गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. मी किंचित वाकून, ज्येष्ठाला शोभेल अशा गंभीर आवाजात म्हणालो, "डावा गुडघा आधी," आणि तो टेकवून दाखवला.

त्याने माझ्या गुडघ्याकडे नीट पाहिलं.

"आजोबा," तो म्हणाला, "हा उजवा आहे."