रोज पाच मिनिटं घुरघुर, ऐन वेळी गार

पोल्ट्रीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: "जनरेटर रोज पाच मिनिटं रिकामा चालवा, मेंटेनन्स लागत नाही. टाकीत डिझेल कमी ठेवा, जुनं होत नाही. दहा एचपीला दहा केव्हीए पुरतो. चेंजओव्हरचा खर्च वाचवा, वायर थेट बोर्डात जोडा." चार सल्ले, चारही घातक. (चेंजओव्हर म्हणजे शेडला लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच.) ईसी शेडमध्ये, म्हणजे पंख्यांवरच हवा खेळणाऱ्या बंद शेडमध्ये, एप्रिलच्या दुपारी पंखे थांबले की काही मिनिटांत पक्षी मरू लागतात, म्हणून लिहितोय.

पाच मिनिटांत इंजिन नीट तापतच नाही. थंड सिलिंडरात डिझेल पुरतं जळत नाही. काजळी इंजेक्टरवर बसते, सायलेन्सरमधून काळं चिकट पाणी ठिबकतं. लोक त्याला ऑइल गळती समजून मेकॅनिक बोलावतात! ज्वलनातली वाफ ऑइलमध्ये पाणी होऊन राहते, ती वेगळीच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान 30 टक्के लोडवर चालवा. मी शेडचा मेन पाडूनच चाचणी घेतो; चेंजओव्हर आणि बॅटरीही तपासून होते. ऐन वेळी सेल्फ न घेणाऱ्या जनरेटरमध्ये बहुतेकदा बॅटरीच मेलेली असते.

डिझेल जुनं होतं, हे खरं. पण रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, पाणी तळाला बसतं, त्यात बुळबुळीत थर वाढतो आणि फिल्टर चोंदतो. टाकी भरलेली ठेवा, डिझेल वापरत राहा, फिल्टरखालचं पाणी अधूनमधून सोडा.

दहा एचपी म्हणजे दीड-दीड एचपीचे सहा-सात पंखे. ते चालतानाच दहा केव्हीएच्या जनरेटरचा दम काढतात. एकदम सुरू झाले तर क्षणभर सुमारे सहापट करंट ओढतात. व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर (पंखे चालू-बंद करणारे चुंबकी स्विच) फडफडतात. मोठा जनरेटर घ्या, तरीही पंखे एकेक करून सुरू करा.

आता चौथा सल्ला, वायर थेट बोर्डात जोडण्याचा. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. तुमचे 415 व्होल्ट त्यातून मागे गेले की लाइनवर 11,000 होतात, आणि लाइट बंद आहे म्हणून वायरमन पोलावर चढलेला असतो. "मी मेन पाडूनच वायर जोडतो," असं सांगणारे भेटतात. रात्री दोन वाजता, पक्षी धापा टाकत असताना, मेन पाडायचा राहिला तर? चेंजओव्हरचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो.