झाला आणि केला

अकराव्या आठवड्यात माझं बाळ गेलं. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं 'मिस्ड अबॉर्शन', म्हणजे पोटातच दगावलेला पण बाहेर न पडलेला गर्भ, आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर 'प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन', म्हणजे गर्भधारणेतून तयार झालेलं काहीतरी. तीनच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा स्क्रीन माझ्याकडे वळवून "हे बघा बाळाचे ठोके" म्हटलं होतं. वैद्यकीय भाषेत हे शब्द बरोबर आहेत, डॉक्टरांचा दोष नाही. पण दोन्ही कागद मी पुन्हा पुन्हा वाचले, बाळ कुठेच नव्हतं. रात्री रिपोर्टच्या मागच्या बाजूला पेनाने मीच लिहिलं, 'बाळ'.

गर्भपाताला माझा विरोध आहे आणि तो आधीपासूनच आहे. पण त्या दिवसापासून मी या विषयातले शब्द नीट ऐकायला लागले.

मराठीत आपसूक होतो तोही गर्भपात आणि करवून घेतात तोही गर्भपात. फरक एका क्रियापदाचा. 'झाला' म्हटलं की लोक हळहळतात, "बाळ गेलं गं तिचं" म्हणतात. 'केला' म्हटलं की बाळ वाक्यातून निघून जातं. उरतं ते "साफ करून घेतलं", "क्युरेटिंग केलं". काय साफ केलं, हे कोणी बोलत नाही. आठवडे तेच, ठोके तेच. पोटातला जीव आपल्याला हवा आहे की नको, यावर त्याचं नाव ठरतं. मला हे पटत नाही, कधीच पटणार नाही.

आता 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द घ्या. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला तर आपण सगळे हत्या म्हणतो, गर्भपाताचे समर्थकही म्हणतात. मी विचारते तेव्हा उत्तर येतं की आमचा आक्षेप भेदभावाला आहे. भेदभाव आहेच, भयंकर आहे. पण मग शब्दात 'हत्या' कशी आली? हत्या जिवाचीच होते ना? तो जीव मुलगी असल्यामुळे तर जीव ठरला नाही.

अमेरिकेतही भांडण इथेच येऊन थांबतं. गर्भपात हा घटनात्मक हक्क मानणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1973 च्या रो विरुद्ध वेड निकालात शब्द होता 'पोटेन्शियल लाइफ', म्हणजे पुढे होऊ शकेल असं जीवन. त्याच न्यायालयाच्या 2022 च्या डॉब्ज निकालाने रो रद्द केला. तो खटला मिसिसिपी राज्याच्या ज्या गर्भपातबंदीच्या कायद्यावरून उभा राहिला त्यात शब्द आहे 'अनबॉर्न ह्यूमन बीइंग', न जन्मलेला माणूस. यातला कुठला शब्द तुम्ही आधी मान्य करता, त्यावर पुढचा अर्धा वाद संपतो. गर्भासाठीचा इंग्रजी शब्द 'फीटस' कसा शास्त्रीय, तटस्थ वाटतो! मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पिल्लू, अपत्य असाच आहे.

आणि हे आपल्या बाजूच्या लोकांसाठी. 'खुनी बाई', 'पापीण' असलं लिहिणं कृपा करून थांबवा. नवऱ्याने सोडलेली, घाबरलेली, घरच्यांनी दटावून दवाखान्यात नेलेली बाई तुमची पोस्ट वाचत असते. बाळाला 'प्रॉडक्ट' म्हणणं मला जसं टोचलं, तसं तिला ते टोचतं, कारण तिथे ती माणूस उरत नाही.

पोटुशी बाईला मराठीत 'दोन जिवांची' म्हणतात. हा शब्द कुठल्या चळवळीने घडवलेला नाही, कोणाच्या सोयीसाठी आलेला नाही. त्यात बाळ मोजलंय आणि बाईही मोजलीय. वाद कितीही तापला तरी मी आता एवढा एकच शब्द वापरते.